डोरोथी हॉजकिन यांची स्फटिकसाधना

घरात एखादे जुने जरीचे वस्त्र असले, तर आई ते मलमलीत गुंडाळून पेटीच्या तळाशी जपून ठेवते. सणावारी ते बाहेर काढले, तरी उन्हात फार वेळ राहू देत नाही. ज्या उजेडात त्या वस्त्राचे सौंदर्य आपल्या डोळ्यांना दिसते, तोच उजेड त्याचा रंग हळूहळू उडवीत असतो. पाहावयाचे तर उजेड हवा, आणि उजेडाने तर वस्तू झिजते, असा हा पेच आहे. डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या अणूंच्या जगातही हाच पेच शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला. त्या जगात पहिली पावले टाकणाऱ्या एका थोर स्त्रीचे हे चरित्र आहे. तिचे नाव डोरोथी हॉजकिन.

डोरोथीचा जन्म १२ मे १९१० रोजी इजिप्त देशातील कैरो शहरी झाला. तिचे माहेरचे आडनाव क्रोफूट. वडील जॉन क्रोफूट हे तेथील शिक्षणखात्यात अधिकारी होते. पुढे ते सुदान देशात शिक्षणखात्याचे प्रमुख झाले. प्राचीन अवशेषांच्या संशोधनाची त्यांना अतिशय आवड होती. आई मॉली ही प्राचीन वस्त्रांची जाणकार होती. हजारो वर्षांपूर्वीच्या विणकामाचा एखादा तुकडा हाती आला, की त्याचा धागान् धागा तपासून तो कसा विणला असेल, हे ती शोधून काढीत असे. दिसणाऱ्या खुणांवरून न दिसणारी रचना ओळखण्याचा हा वारसा मुलीला आईकडूनच मिळाला, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

चार बहिणींत डोरोथी सर्वांत मोठी. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा मुलींना इंग्लंडमध्ये आजीच्या जवळ ठेवण्यात आले. आईवडील दूर परमुलखात आणि लहानग्या बहिणी इकडे, अशी त्यांची ताटातूट झाली. त्या युद्धात आईचे भाऊ कामास आले. युद्ध म्हणजे काय, हे त्या घराने फार जवळून पाहिले होते, आणि युद्धाविषयीचा तिटकारा डोरोथीच्या मनात तेव्हापासून जो रुजला तो अखेरपर्यंत टिकला.

वयाच्या दहाव्या वर्षी डोरोथीने शाळेत एक प्रयोग केला. तुरटीचे आणि मोरचुदाचे पाणी करून ते स्वस्थ ठेवून दिले. काही दिवसांनी पाहते तो, भांड्यात सुंदर, पैलूदार खडे तयार झालेले! कोणी त्यांना छिन्नीने घडविले नव्हते. मग त्यांच्या कडा इतक्या सरळ आणि कोन इतके नेमके कसे, या प्रश्नाने तिचे मन वेधून घेतले. स्फटिकांचे हे वेड तिला जन्मभर पुरले.

तेराव्या वर्षी ती सुदानची राजधानी खार्टुम येथे आईवडिलांकडे गेली. तेथे डॉक्टर जोसेफ नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. या मुलीची जिज्ञासा पाहून त्यांनी तिला खनिजे तपासण्याच्या रसायनांची एक पेटी भेट दिली. बागेतून वाहणाऱ्या ओहोळात तिला एक काळेभोर, चकचकीत खनिज सापडले होते. त्यांच्या मदतीने तिने त्याची परीक्षा केली, तेव्हा ते इल्मेनाइट निघाले. त्यात लोह आणि टायटॅनियम हे धातू असतात. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही हेच खनिज आढळते. पुढे या मुलीने आपल्या घराच्या माळ्यावर एक छोटी प्रयोगशाळाच थाटली.

त्या काळी इंग्लंडातही रसायनशास्त्र हा मुलांचा विषय समजला जात असे. बेकल्स गावच्या शाळेत डोरोथीला आणि तिच्या एका मैत्रिणीला मुलांच्या वर्गात बसून तो शिकण्याची खास परवानगी घ्यावी लागली. याच सुमारास आईने तिला विल्यम हेन्री ब्रॅग या शास्त्रज्ञाचे मुलांसाठी लिहिलेले एक पुस्तक दिले. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकातील अणू पाहता येतात, असे त्यात लिहिले होते. अणू पाहता येतात! एवढ्या एका वाक्याने त्या मुलीच्या आयुष्याची दिशा ठरली.

येथे थोडे थांबून हे किरण अणू कसे दाखवितात, ते समजून घेऊ. अणू इतका लहान असतो, की शेजारशेजारच्या दोन अणूंमधील अंतर एका मिलिमीटरच्या जेमतेम एक कोटीव्या भागाएवढे असते. साध्या प्रकाशाची लाट त्यापेक्षा हजारो पट लांब असते. म्हणून कितीही चांगले सूक्ष्मदर्शक यंत्र घेतले, तरी साध्या प्रकाशात अणू दिसत नाहीत. क्ष-किरणांची लाट मात्र अणूंमधील अंतराएवढीच आखूड असते. शेतात सारख्या अंतरावर उसाच्या सऱ्या असाव्यात, त्याप्रमाणे स्फटिकात रेणूंच्या रांगा लागलेल्या असतात. त्यांच्यामधून क्ष-किरण जाऊ लागले, म्हणजे ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि पलीकडच्या छायाचित्राच्या फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. कोणता ठिपका गडद आणि कोणता फिकट, हे मोजून आणि मोठे गणित करून कोणता अणू कोठे आहे, याचा नकाशा तयार करावयाचा असतो. म्हणजे फिल्मवर अणूंचे चित्र मिळत नाही. चित्राचे कोडे मिळते. ते सोडविणे हे शास्त्रज्ञाचे काम.

डोरोथीने १९२८ साली ऑक्सफर्ड येथील सॉमरव्हिल कॉलेजात प्रवेश घेतला. रसायनशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात मिळवून १९३२ साली ती केंब्रिजला जॉन डेस्मंड बर्नाल यांच्या हाताखाली काम करू लागली. बर्नाल हे अफाट बुद्धीचे आणि उत्साही शास्त्रज्ञ होते. आपल्या शरीरातील प्रथिनांचेही स्फटिक क्ष-किरणांनी पाहता येतील, असे त्यांना वाटे. तोपर्यंत ज्यांनी तसा प्रयत्न केला, त्यांच्या फिल्मवर काही स्पष्ट उमटले नव्हते.

१९३४ साली स्वीडनमधून पेप्सिन या प्रथिनाचे मोठे, सुबक स्फटिक केंब्रिजला आले. पेप्सिन हे आपल्या जठरात अन्न पचविणारे प्रथिन होय. ते स्फटिक ज्या पाण्यात वाढले, त्या पाण्यातच आले होते. बर्नाल यांच्या लक्षात आले, की स्फटिक पाण्याबाहेर काढला की तो सुकतो आणि त्याची आतील रचना कोलमडते. म्हणून त्यांनी पाण्यासह तो एका बारीक काचनळीत बंद केला आणि क्ष-किरण सोडले. फिल्मवर स्वच्छ ठिपके उमटले. प्रथिनाचा स्फटिक म्हणजे निव्वळ कोरडा खडा नव्हे. जवळजवळ अर्धा भाग पाणी असलेली ती एक नाजूक वास्तू असते, हे त्या दिवशी कळले.

या आनंदाच्या दिवशी डोरोथी मात्र प्रयोगशाळेत नव्हती. तिच्या हातांची बोटे काही दिवसांपासून सुजत आणि दुखत होती. त्या दिवशी तिला लंडनच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेले होते. निदान झाले ते संधिवाताचे. तिचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. ज्यांना केसाएवढ्या काचनळीत मोहरीएवढा स्फटिक बसवावयाचा, त्या हातांनाच हा आजार जडला. डॉक्टरांचा विश्रांतीचा सल्ला ऐकून ती परत आली आणि लगेच पेप्सिनच्या पुढील कामास लागली.

त्याच वर्षी डोरोथीबाई ऑक्सफर्डला परतल्या. तेथे त्यांना मिळालेली जागा विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयातील एका तळघरात होती. उंच खिडकीखाली सूक्ष्मदर्शक यंत्र ठेवण्यासाठी एक लहानसा सज्जा होता. त्यावर शिडीने चढावे लागे आणि एका हातात नाजूक स्फटिक सांभाळून पुन्हा उतरावे लागे. येथील रसायनशास्त्रज्ञांच्या मंडळात स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्याबद्दल तक्रार करीत बसण्याचा डोरोथीबाईंचा स्वभाव नव्हता. त्यांनी आपले काम पुढे चालू ठेवले.

रॉबर्ट रॉबिन्सन या प्राध्यापकांनी त्यांना इन्शुलिनचे थोडेसे स्फटिक दिले. शरीरात इन्शुलिन पुरेसे तयार न झाल्यास मधुमेह होतो. या प्रथिनाचा स्फटिक बनण्यास जस्त या धातूचे आयन मदत करतात. अणूने आपले काही इलेक्ट्रॉन गमावले अथवा अधिक घेतले, म्हणजे त्याला आयन म्हणतात. जस्ताच्या आयनाने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. डोरोथीबाईंनी प्रथम इन्शुलिनचे मोठे स्फटिक वाढविले आणि मग त्यांचे छायाचित्र घेतले. रात्री उशिरा फिल्म धुतली, तो तिच्या मध्यभागी बारीक ठिपक्यांची नक्षी दिसू लागली. त्या आनंदाच्या भरात त्या मध्यरात्री ऑक्सफर्डच्या रस्त्यांवरून कितीतरी वेळ फिरत राहिल्या. ही हकीकत १९३५ साली प्रसिद्ध झाली. मात्र त्या नक्षीचे कोडे सुटण्यास पुढे तब्बल ३४ वर्षे लागावयाची होती!

१९३७ साली त्यांचा विवाह थॉमस हॉजकिन यांच्याशी झाला. त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी, अशी तीन अपत्ये झाली. पहिल्या मुलाच्या जन्मानंतर संधिवाताने उचल खाल्ली. बोटे वाकडी झाली. प्रयोगशाळेत आल्यावर यंत्राची मुख्य कळ दाबता येईना. तेव्हा त्यांनी कळीला एक लांब दांडा बसवून घेतला आणि पुन्हा काम सुरू केले. पुढे त्यांची वाकडी बोटे पाहून नवख्या विद्यार्थ्यांना वाटे, की यांच्या हातून नाजूक काम कसे व्हावे? परंतु त्याच बोटांनी त्या अत्यंत लहान स्फटिक अचूक बसवीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन हे औषध जखमी सैनिकांना वरदान ठरले होते. पण त्याच्या रेणूची रचना कशी, याविषयी मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांत मतभेद होते. १९४५ साली डोरोथीबाईंनी आपल्या सहकाऱ्यांसह त्या रेणूचा नकाशा काढला. त्यात चार अणूंचे एक चौकोनी कडे होते. असे कडे त्यात असणे शक्यच नाही, असे काहींचे म्हणणे होते. परंतु नकाशाने वाद मिटविला. १९४७ साली रॉयल सोसायटी या मान्यवर संस्थेने त्यांना आपल्या सभासदांत घेतले.

यानंतर त्यांनी हाती घेतले ते ब-१२ जीवनसत्त्व. हे जीवनसत्त्व शरीरास न मिळाल्यास घातक पांडुरोग होतो आणि पूर्वी त्या रोगाने माणसे मरत असत. १९४८ साली ब-१२ जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात यश आले. त्याचे स्फटिक डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल असतात. त्या रेणूत १८१ अणू आणि त्यांच्या मधोमध कोबाल्ट धातूचा एकच आयन! इतका गुंतागुंतीचा रेणू क्ष-किरणांनी सोडविण्याचे धाडस तोवर कोणी केले नव्हते.

डोरोथीबाईंनी त्या कोबाल्टलाच आपला वाटाड्या केले. ज्या अणूत इलेक्ट्रॉन अधिक, तो क्ष-किरणांना अधिक विखुरतो. कोबाल्टमध्ये ते कार्बनच्या चौपटीहून अधिक असतात. म्हणून अंधाऱ्या गावात एका देवळातच दीपमाळ पेटलेली असावी, तसा नकाशावर कोबाल्ट प्रथम दिसतो. त्याच्या आधारे शेजारचे अणू, मग त्यांच्या शेजारचे, असे एकेक घर ओळखीत जावयाचे. हजारो ठिपके मोजावयाचे आणि प्रत्येक वेळी डोंगराएवढे गणित करावयाचे, असे हे काम होते. अमेरिकेतील केनेथ ट्रूब्लड यांनी आपल्याकडील गणकयंत्रावर ही गणिते करून देण्याचे कबूल केले आणि आकड्यांचे कागद समुद्रापलीकडे जाऊ-येऊ लागले. सुमारे आठ वर्षांच्या परिश्रमानंतर १९५६ साली ब-१२ ची संपूर्ण रचना जगापुढे आली. या कार्याबद्दल आणि पेनिसिलिनसारख्या इतर रेणूंच्या रचना शोधल्याबद्दल त्यांना १९६४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रसायनशास्त्रात हा मान मिळविणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री होत. मेरी क्यूरी आणि त्यांची कन्या इरेन या पहिल्या दोघी.

आता आरंभी सांगितलेल्या पेचाकडे वळू. स्फटिकावर सोडलेल्या क्ष-किरणांपैकी बहुतेक आरपार निघून जातात. उरलेल्यांपैकी थोडेच विखुरतात आणि त्यांचेच ठिपके फिल्मवर उमटतात. बाकीचे मोठ्या संख्येने स्फटिकात शोषले जातात. असा एक किरण शोषला गेला, की तो एखाद्या अणूतून एक इलेक्ट्रॉन जोराने बाहेर उडवितो. तो इलेक्ट्रॉन धावताना वाटेतील अणूंना धक्के देत आणखी शेकडो इलेक्ट्रॉन मोकळे करतो. वखारीत शिरलेला बैल पोती पाडीत जावा, तसा हा प्रकार आहे. पुष्कळ वेळ किरण सोडले, तर रेणूंच्या रांगा विस्कटतात आणि फिल्मवरील ठिपके फिके पडतात. त्या काळातील शास्त्रज्ञांना हे ठाऊक होते. प्रथिनाचा एक स्फटिक थकला, म्हणजे ते दुसरा बसवीत आणि काम पुढे नेत.

परंतु दुसरे एक नुकसान याहून गुप्तपणे होते. स्फटिकात मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन कोठेतरी आश्रय शोधतात. धातूचा आयन तर इलेक्ट्रॉन गमावून बसलेला असतो. म्हणून त्यांना ओढून घेण्यास तो तयारच असतो. ब-१२ मधील कोबाल्टने तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. त्यांपैकी एक त्याला परत मिळाला, की त्याचे स्वरूप बदलते. मग त्याला वरून किंवा खालून धरून बसलेल्या अणूंची पकड सैल होते, अंतरे वाढतात, कधी एखादा सोबती सुटूनही जातो. रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये लोहाचे आयन असतात. त्यांचीही अशीच गत होते. गंमत अशी, की रेणूंच्या रांगा अजून शाबूत असतात, ठिपकेही स्वच्छ दिसतात, आणि तरीही धातूचा आयन पूर्वीचा राहिलेला नसतो. सगळे काही ठीक आहे असे चित्र सांगते, पण ते चित्र मूळ रेणूचे नसते. किरणांनी बदलून टाकलेल्या रेणूचे असते. जस्ताचा आयन मात्र अशा आलेल्या इलेक्ट्रॉनला सहसा दाद देत नाही. तथापि इन्शुलिनच्या दोन साखळ्यांना जोडणारे गंधकाचे पूल क्ष-किरणांनी तुटू शकतात.

डोरोथीबाईंच्या उमेदीच्या काळात क्ष-किरणांच्या नळ्या मंद होत्या आणि एकेका छायाचित्राला कित्येक तास लागत. पुढे इलेक्ट्रॉनांना मोठ्या वर्तुळात प्रचंड वेगाने फिरवून त्यांपासून अतिशय प्रखर क्ष-किरण मिळविण्याची यंत्रे आली. तासांचे काम क्षणांत होऊ लागले, पण नुकसानही तितकेच झपाट्याने होऊ लागले. तेव्हा शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. स्फटिक द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्याने शून्याखाली सुमारे १७३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवला, तर तो सुमारे सत्तरपट अधिक काळ टिकतो, असे दिसून आले. इतक्या थंडीत फुटलेले तुकडे सहजासहजी हलू शकत नाहीत. अशा थंड स्फटिकाने जास्तीत जास्त किती प्रारण सोसावे, याची मर्यादा २००६ साली ऑक्सफर्डमधील एल्स्पेथ गार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने ठरविली. ती सुमारे ३ कोटी ग्रे इतकी आहे. ग्रे हे शोषलेल्या प्रारणाचे माप होय. माणसाच्या सर्वांगावर एकदम ५ ग्रे पडले, तरी प्राणावर बेतते. यावरून स्फटिकाला किती सोसावे लागते, याची कल्पना येईल. आणि धातूचे आयन तर या मर्यादेच्या पुष्कळच आधी, थंडीतही, बदलून जातात! म्हणून आता धातू असलेल्या प्रथिनाचे चित्र घेताना स्फटिकाचा रंगही प्रकाशाने तपासतात. कारण आयन बदलला, की रंगात फरक पडतो. शिवाय, एकाच स्फटिकाला फार वेळ न छळता अनेक स्फटिकांवर थोडे थोडे किरण सोडतात.

याहूनही नवी युक्ती एकविसाव्या शतकात निघाली. २००९ साली अमेरिकेत आणि त्यानंतर जपानमध्ये अशी यंत्रे सुरू झाली, की ज्यांच्या क्ष-किरणांचा झोत एका सेकंदाच्या अब्जांशाच्याही काही दशलक्षांश भागांपुरताच टिकतो. तो इतका तीव्र असतो, की स्फटिकाचा चक्काचूर होतो. पण अणूंना हलावयास सवड मिळण्यापूर्वीच नक्षी टिपून झालेली असते. हिरव्या पानांत पाण्यापासून प्राणवायू मोकळा करणारे जे प्रथिन आहे, त्यातील मँगनीजचे आयन क्ष-किरणांनी फार लवकर बदलतात. त्यांचे बदल न झालेले रूप या युक्तीने पाहता आले.

परंतु आपण पुढच्या काळात आलो. १९६४ साली नोबेल मिळाले, तेव्हा डोरोथीबाई चोपन्न वर्षांच्या होत्या. एवढ्या सन्मानानंतर कोणीही विश्रांती घेतली असती. त्यांच्या मनात मात्र तीस वर्षांपूर्वीची ती ठिपक्यांची नक्षी अजून घर करून होती. आता गणकयंत्रे वेगवान झाली होती आणि भोवती देशोदेशींचे तरुण संशोधक जमले होते. त्यांत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून आलेले मामन्नमाना विजयन हेही होते. १९६९ साली अखेर इन्शुलिनचा नकाशा पुरा झाला. मध्यभागी जस्ताचे दोन आयन आणि त्यांच्याभोवती इन्शुलिनचे सहा रेणू, असा तो सुरेख मेळ होता. त्याच वर्षी अमेरिकेत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ही वार्ता जाहीर करण्याचा मान त्यांनी स्वतःकडे न घेता टॉम ब्लंडेल या तरुण सहकाऱ्याला दिला. विजयन १९७१ साली मायदेशी परतले आणि त्यांनी बंगळुरू येथे प्रथिनांच्या स्फटिकांच्या अभ्यासाचा पाया घातला. डोरोथीबाईंनी लावलेल्या रोपाची एक फांदी अशा रीतीने आपल्या देशातही बहरली.

इन्शुलिनची रचना एकदा मिळाली म्हणून त्या थांबल्या नाहीत. अधिक स्पष्ट चित्रे घेऊन, आधीच्या नकाशात कोठे चूक राहिली असेल, ती शोधून दुरुस्त करण्याचे काम त्या आणि त्यांचे सहकारी पुढे अनेक वर्षे करीत राहिले. आपण पाहिले ते खरेच तसे आहे का, हा प्रश्न त्या स्वतःलाच पुनःपुन्हा विचारीत. धातूच्या आयनांवर क्ष-किरणांचा काय परिणाम होतो, याचा आजचे शास्त्रज्ञ जो कसून शोध घेतात, त्यामागेही हीच सत्यनिष्ठा आहे. चित्र कितीही सुंदर असो, ते घेताना आपल्याच दिव्याने काही बिघडविले नाही ना, हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

१९६५ साली इंग्लंडच्या राणीने त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा थोर सन्मान दिला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यानंतर तो मिळविणाऱ्या त्या दुसऱ्याच स्त्री. अणुशक्तीचा उपयोग संहारासाठी होऊ नये, म्हणून शास्त्रज्ञांनी स्थापन केलेल्या पगवॉश परिषदेच्या त्या १९७६ पासून १९८८ पर्यंत अध्यक्षा होत्या. चाकाच्या खुर्चीत बसूनही १९९३ साली त्या चीनमधील स्फटिकशास्त्राच्या परिषदेला गेल्या. २९ जुलै १९९४ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांनी आपल्या राहत्या गावी देह ठेवला.

आज ऑक्सफर्डपासून थोड्याच अंतरावर २००७ साली सुरू झालेले प्रखर क्ष-किरणांचे एक विशाल यंत्र आहे. तळघरातील त्या मंद नळीला जेथे कित्येक तास लागत, तेथे या यंत्राला पळभरही पुरतो. तरीही तेथे काम करणाऱ्याला डोरोथीबाईंचाच मार्ग धरावा लागतो. स्फटिक मायेने हाताळावा लागतो, किरण जपून सोडावे लागतात आणि आलेल्या चित्राची परीक्षा निष्ठुरपणे करावी लागते. वेदनेने वाकलेल्या बोटांनी साठ वर्षे जे काम केले, त्याचे सार एवढेच आहे. दहा वर्षांच्या मुलीने तुरटीच्या पाण्यात पाहिलेला तो पैलूदार खडा मोठ्या कौतुकाने विचारीत होता, की माझ्या आत काय आहे, सांग पाहू! त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधण्यातच डोरोथी हॉजकिन यांचे सारे आयुष्य धन्य झाले.

स्वाध्याय

१. डोरोथीच्या मनात स्फटिकांविषयी आवड कशी निर्माण झाली?
२. पेप्सिनचा स्फटिक पाण्यासह काचनळीत बंद करण्याचे कारण काय?
३. ब-१२ जीवनसत्त्वाची रचना शोधताना कोबाल्टचा उपयोग कसा झाला?
४. ठिपके स्वच्छ दिसत असूनही चित्र मूळ रेणूचे नसते, असे केव्हा घडते? आपल्या शब्दांत सांगा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : वाटाड्या, पेच, सत्यनिष्ठा, पाठपुरावा.
६. तुरटीचे दाट पाणी करून ते आठ दिवस न हलवता ठेवा. तयार होणाऱ्या स्फटिकांचे रोज निरीक्षण करून वहीत नोंद करा.